हवालदार आणि काळा दस्ता

‘चालेल’ हा शब्द हवालदारांसमोर उच्चारायची आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणाची छाती नव्हती. चुकून तोंडातून निसटलाच, तर ते हातातलं काम टेबलावर ठेवत, मान जराशी तिरकी करत आणि अगदी सौम्यपणे विचारत, “चालंल? कुठपत्तूर चालंल?” या प्रश्नाला उत्तर नसतं. तुम्ही करून पाहा. घरातल्या एखाद्या डुगडुगत्या खुर्चीसमोर उभं राहून स्वतःला हा प्रश्न विचारा आणि मग त्या खुर्चीत बसून दाखवा.

हवालदार म्हणजे भिकाजी धनावडे. गाव पालीच्या आत, डांबरी सडक सोडून तासभर चालत. सैन्यातली वीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीला आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे सहायक म्हणून लागले. मी त्याच कॉलेजात नवी व्याख्याती. पुण्याहून आलेली, एम. एस्सी. पहिला वर्ग, आणि नवऱ्याची बँकेने बदली केली म्हणून रत्नागिरीवर उपकार करायला उतरलेली. तेव्हा मला सगळं येत असे. आता वयोमानाने पुष्कळ कमी झालं आहे.

बुटका, कोरडा माणूस. खाकी पँटची इस्त्री अशी की कडेला बोट कापावं. खिशात एक पितळेची लांब किल्ली, सैन्यातल्या कुठल्याशा कोठाराची. ते कोठार पाडलं गेलं आणि किल्ली यांच्याकडे राहिली. त्या किल्लीने हवालदार जगातली प्रत्येक वस्तू वाजवून बघत. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, टेबलाचे पाय, दाराची चौकट, बाजारातला नारळ. फणसावर ठोकून तो पिकलाय का हे कोकणात सगळेच बघतात, पण हवालदार फणसाला जेवढा वेळ देत तेवढाच कॉलेजच्या भिंतीलाही देत. उजवा कान गोळ्यांच्या आवाजाने कामातून गेलेला, म्हणून डावा कान वस्तूकडे वळवायचा. ती तिरकी मान त्यामुळे होती. मी आपली समजत होते की हा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रात्यक्षिकाच्या पेट्यांमधलं एक चंचुपात्र ठोकलं आणि बाजूला ठेवलं.

“याला काय झालंय?” मी विचारलं.

“तडा हाय म्याडम.”

मी ते उजेडात धरलं. फिरवलं. तडा-बिडा काही नव्हता. “हवालदार, तडा डोळ्यांना दिसतो,” मी म्हणाले, शास्त्राच्या वतीने.

“दिसायचा व्हता तर दिसला असता,” ते म्हणाले आणि पुढचं पात्र उचललं.

मी हट्टाने तेच पात्र घेऊन वर्गापुढे गेले. बर्नरवर ठेवलं. चाळीस मुलामुलींसमोर त्याचा तळ सुटला आणि निळंशार द्रावण माझ्या नव्या कोऱ्या, मोतिया रंगाच्या साडीवर आलं. हवालदार फडकं घेऊन आले. चेहऱ्यावर काही नाही. नुसतं म्हणाले, “लिंबू लावून बघा. व्हईल.”

‘चालंल’ नाही, पण ‘व्हईल’ हा त्यांचा शब्द. दोन्हींत काय फरक आहे हे कळायला मला पाचएक वर्षं लागली. डाग मात्र गेला नाही.

कॉलेजात एक रायफल क्लब होता. त्याची सूत्रं माझ्याकडे आली, कारण बैठकीत मी एकटीच वेळेवर हजर होते. क्लब म्हणजे एक जुनी पॉइंट टू टू रायफल, एक लोखंडी कपाट, परवान्याच्या कागदांची जाडजूड फाइल आणि हवालदार. मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची, चिरे काढून संपलेली खाण. तीन बाजूंनी जांभ्याच्या ताशीव भिंती, त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. रायफलच्या पोलादाला, म्हणजे नळीला किंवा यंत्राला, हवालदार स्वतः कधी कानस लावत नसत. “तो परवानेवाल्याचा काम,” म्हणत. त्यांचं राज्य फक्त दस्त्यावर. दस्ता म्हणजे बंदुकीचा जो भाग खांद्याला टेकतो, गालाला लागतो आणि ज्याच्या कुशीत नळी निजते तो. आमचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता, आणि आमचं सगळं दुखणं तिथंच होतं.

क्लबात मुलं आठ-दहा, पण खरी नेमबाज एकच. सुलभा मयेकर. भाट्याच्या बाजूची, चिमणीएवढी, बोलायला तिखट. ती पडून नेम धरायची तेव्हा श्वास चालू आहे की नाही ते जवळ जाऊन बघावंसं वाटायचं. तिला आम्ही दिवाळीनंतरच्या निवड-स्पर्धेला पुण्याला नेलं. खाणीत जिच्या सगळ्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसत, तिच्या गोळ्या पुण्यात सकाळी डावीकडे गेल्या, दुपारी आणखी डावीकडे. बसत होत्या एकत्रच, नुसत्या भलत्या ठिकाणी. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं, “कोकणातली मंडळी. दगड मारून आंबे पाडणारी!” आणि चारजण हसले.

मला रडू आलं. सुलभाला राग आला. हवालदारांनी खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला, नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवला आणि पुढे ओढत नेला. एका बाजूने सळसळत गेला. दुसऱ्या बाजूने अडकला.

“लाकूड सरकला,” ते म्हणाले. “आपल्याकडं पावसाचा पानी पिऊन बसलेला. हितल्या सुक्या वाऱ्यात पिळवटला. नळीला ढकलतोय.” मग सुलभाकडे वळले. “बाय, तुजा नेम खरा. बंदूक खोटी.”

“मग लोकांना सांगा ना तसं!” सुलभा उसळली.

“लोकांना सांगून लाकूड सुधारल काय?”

परतल्यावर प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. सज्जन गृहस्थ, पण सायकलींनी गांजलेले. ती कपाटाची खोली त्यांना सायकलस्टँडच्या रखवालदारासाठी हवी होती. “पुढच्या वर्षी एक तरी पोर राज्याच्या संघात जाऊ दे,” ते म्हणाले. “नाही गेली, तर रायफल सरकारजमा, क्लब बंद. मला दरवर्षी परवान्यासाठी कचेरीत बसायला वेळ नाही.” सुलभाचंही पुढचं वर्ष कॉलेजातलं शेवटचं.

बाहेर आल्यावर हवालदार बराच वेळ किल्ली कठड्यावर वाजवत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्याडम, माज्या हाताखालनं गेलेल्या रायफली मोप जिंकल्या. त्यांचे फोटो हायत मेसमधी. एका बी फोटोत माजा हात नाय. आता ही पोर जायाला पायजे.” एवढं लांबलचक भाषण मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकलं नाही.

लाकूड नको, हे ठरलं. मग काय? अर्थातच मला माहीत होतं. “अॅल्युमिनियम!” मी जाहीर केलं. पाणी पीत नाही, फुगत नाही, विमानं करतात त्याची. माझ्या मामेभावाची कोल्हापूरला ओतकामाची भट्टी होती. हवालदारांनी साग तासून दस्त्याचा नमुना केला, वरची परवानगी काढली, आणि आंब्याच्या पेटीत गवतात घालून तो नमुना घाट चढून गेला. महिन्याने त्याच पेटीतून चकचकीत धातूचा दस्ता उतरला. मी त्याचं पेढे वाटून स्वागत केलं. खोटं सांगत नाही, शिक्षकांच्या खोलीत सोळा पेढे.

हवालदारांनी किल्लीने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवला. देवळातल्या घंटेसारखा वाजला.

“कसा आहे?” मी विचारलं.

“खरा हाय. जड हाय.”

दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. नेम हलेना. सकाळ-दुपार गोळ्या जिथल्या तिथे. पण उभ्याने मारायची पाळी आली की विसाव्या गोळीनंतर सुलभाचा डावा दंड थरथरायला लागे. खाणीत अकरा वाजता ऊन भरलं की तो धातू असा तापायचा की तिच्या गालावर लाल पट्टा उठे. आणि पावसाळा लागताच पोलादी स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. खारी हवा, दुसरं काय. हवालदार रोज सकाळी ती पुसत आणि स्क्रूंना कोकमाचं तेल चोळत. ते कोकमतेल थंडीत पायांच्या भेगांना लावायचं. मला तो अॅल्युमिनियमचा अपमान वाटे.

“बाई, हे मला उचलायचंय, की त्याने मला?” सुलभा एकदा चिडून म्हणाली.

“दंड बळकट कर,” मी म्हणाले. मी स्वतः तेव्हा बाजारातून दोन किलो कांदे आणायलासुद्धा रिक्षा करत असे.

याच सुमाराला सुलभाचा मामा बोटीवरून सुट्टीला आला. कुठल्याशा परदेशी बंदरात त्याची बोट दुरुस्तीला लागली होती, आणि शेजारच्या कारखान्यात शर्यतीच्या शिडाच्या होड्या बनत होत्या. तिथून त्याने एक काळ्या कापडाची गुंडाळी आणि दोन डबे उचलून आणले होते. घोंगडीसारखं काळं, पण रेशमासारखं चमकणारं. ‘कार्बन फायबर’ हा शब्द मी मासिकात वाचला होता. पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच.

“या दोन डब्यांतलं मिसळून कापडावर थापायचं, वाळलं की पोलाद,” मामा म्हणाला. “वजन मात्र वाळक्या पिंपळपानाचं.”

माझं अॅल्युमिनियमवरचं प्रेम त्याच क्षणी संपलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी दोघांची तुलना मांडली. एकीकडे अॅल्युमिनियम, दुसरीकडे कार्बन. वजन, ताठपणा, उन्हात वाढणं, गालाला चटका. कार्बन सगळीकडे पहिला. काही महिन्यांपूर्वी ज्याचे पेढे वाटले होते त्याच्या विरुद्ध मी असं बोलत होते, जसं काही त्याने मला फसवलं होतं.

हवालदारांनी त्या कापडाचा वाळवलेला एक तुकडा घेतला. ठोकला. वाकवून पाहिला. उन्हात ठेवला. मिठाच्या पाण्यात चार दिवस बुडवला. मग दगडावर आपटला. वर काहीच दिसलं नाही, पण किल्ली एका जागी वेगळी वाजली. त्यांनी तिथे कापून दाखवलं. आतले पदर सुटले होते.

“म्याडम, तुमचा अॅल्युमिन बोलका. पोचला तर दिसतो, वाकला तर दिसतो, दुखला तर भुकटी काढून रडतो. ह्यो काळा मुका. आतून सुटला तरी वरून हासतो.”

“म्हणजे नको?”

“नको कुठं म्हटला? मुक्याला रोज विचारायला लागतो, एवढाच.”

शेवटी दोघांचा मेळ घालायचं ठरलं. अॅल्युमिनियमचा दस्ता कापून त्याचा फक्त कणा ठेवायचा, म्हणजे पोलादी यंत्र ज्यात घट्ट बसतं तेवढा भाग आणि तिथून पुढच्या टोकापर्यंत एक बारीक पट्टी. पुढचा हात, खांदा, गालाची जागा सगळं कार्बनचं, त्या कण्यावर चिकटवलेलं. ताठ आणि हलकं. कल्पना माझी. आजही सांगते, कल्पना चांगली होती. मिरकरवाड्यात तेव्हा फायबरच्या होड्या करायला नुकती सुरुवात झाली होती. तिथल्या शेडमध्ये आम्ही चार दिवस जाऊन बसलो. तिथले लोक काचेचं पांढरं कापड थापत, आम्ही आमचं काळं.

चिकटवायच्या दिवशी हवालदारांनी विचारलं, “ह्या दोघांचा पटल काय?”

“कोणा दोघांचं?”

“ह्यो धातू नि ह्यो कोळसा.”

“हवालदार, आपण दस्ता करतोय. लग्न नाही लावत!” मी म्हणाले, आणि शेडमधले सगळे हसले. मी इतकी खूश झाले स्वतःच्या विनोदावर, की चिकटद्रव्य लावून दोन्ही भाग घट्ट दाबले आणि बाजूने ओघळलेलं सगळं पुसून काढलं. अगदी स्वच्छ. माझ्या सासूबाई म्हणत, हिच्या भाजीत मीठ नसतं, पण ताटाची कड बघा काय पुसलेली असते.

दस्ता सुरेख झाला. सुलभाने उचलला आणि पहिल्यांदा हसली. “हा माझा,” म्हणाली. सगळा भाद्रपद आणि आश्विन ती त्याच्यावर मारत होती. पाऊस, खारं वारं, घामेजलेले हात. रोज सकाळी हवालदार किल्लीने त्या मुक्याला विचारत. टक, टक, टक, टक. मुका म्हणे, बरा आहे.

स्पर्धेला अकरा दिवस उरले होते. मी वर्गात विद्युतघट शिकवून आले होते. दरवर्षी शिकवते तोच धडा: दोन वेगळे पदार्थ, मध्ये खारं पाणी, आणि दोघांतला जो हळवा तो झिजतो. हात झटकून मी प्रयोगशाळेत आले, तर हवालदार मान तिरकी करून दस्त्यावर वाकलेले.

टक, टक, टक, थड.

पुन्हा ठोकलं. थड.

“म्याडम,” ते म्हणाले, “हितं आत कुणी नाय.”

आम्ही तो भाग उघडला. काळ्या कापडाखाली अॅल्युमिनियमला पांढरी बुरशी यावी तशी भुकटी आली होती. तिने फुगून कार्बनला वर उचललं होतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी त्या भुकटीकडे बघत राहिले. मग माझ्या हातांकडे बघितलं. बोटांना अजून खडू होता. तासाभरापूर्वी याच बोटांनी मी फळ्यावर तो घट काढला होता. एका बाजूला कार्बनची कांडी, दुसऱ्या बाजूला धातू, मध्ये मिठाचं पाणी. चाळीस मुलांना पाठ करायला लावला होता. आणि नेमका तोच घट मी सुलभाच्या गालाखाली बांधून दिला होता. वर त्याची कड पुसून खाऱ्या पाण्याला आत जायला वाटही करून दिली होती.

मी बोटांवरचा खडू पदराला पुसला. “मी शिकवते हो हे, हवालदार. मी हेच शिकवते.”

त्यांनी मला समजावलं नाही की चिडवलं नाही. भुकटी चिमटीत घेऊन चोळली. “घरात पितळेच्या पातेल्यात ताक ठेवता?”

“नाही. कळकतं ना ते.”

“मग आमटी कशी करता पितळेत?”

“कल्हई करून.”

“मग?”

मी वर बघितलं.

“पितळ वायट नाय. ताक बी वायट नाय. दोघांना भेटू द्यायचा नाय, इतकाच. मधी कल्हई पायजे.” त्यांनी किल्ली खिशात टाकली. “मिरकरवाड्यातला ता काचेचा कापड. त्याला ना मीठ लागत, ना करंट. धातूला आधी तेचा लेप. वर काळा. स्क्रूला बी तेचीच टोपी. अकरा दिस हायत. व्हईल.”

“आणि नाही झालं तर? आहे तसाच पुन्हा चिकटवून टाकू या का? अकरा दिवस तर टिकेल...”

मान तिरकी झाली. मी पदर खोचला.

सुलभाला सांगितलं. आठ दिवस तिने रिकाम्या हाताने, मग पाटा-वरवंट्यातला वरवंटा डाव्या हातावर तोलून खाणीत उभ्याने सराव केला. प्राचार्य एकदा तिथून गेले आणि मला म्हणाले, “बाई, ही मुलगी वरवंटा घेऊन कुणाला मारणार आहे?” मी म्हटलं, “सायकलस्टँडच्या रखवालदाराला.”

सगळा काळा भाग सोडवला, भुकटी घासून काढली, नवं थापलं. काचेचं कापड लावायचं काम माझं. नळीच्या टोकाकडच्या भागाशी मी पोचले, तर कापड दोन बोटं कमी पडलं. शेडमधली माणसं बंदरावर गेली होती. कापडावर थापायचं रेझिन डब्यात घट्ट व्हायला लागलं होतं. हवालदार पाठ करून स्क्रूंच्या टोप्या करत बसले होते. मी त्या दोन बोटांच्या उघड्या धातूकडे बघितलं, एकदा हवालदारांच्या पाठीकडे बघितलं, आणि वरून काळं कापड ओढून घेतलं. चालेल, म्हटलं मनात. मनातलं त्यांना ऐकू येत नसे.

पुण्याला थंडी पडली होती, हवा कोरडी ठणठणीत. सुलभा पडून मारायला आडवी झाली आणि मी मागे बसून फक्त त्या टोकाची दोन बोटं बघत होते. पहिल्या गोळ्या मध्यावर. दुपारच्याही मध्यावर. हवालदारांनी चांदीचा कागद फिरवून बघितला. दोन्ही बाजूंनी सळसळत गेला. त्यांच्या ओठांची कड किंचित हलली. इतर लोक याला हसणं म्हणतात. उभ्याने मारताना विसावी गोळी झाली, तिसावी झाली. दंड हलला नाही. गेल्या वर्षीचे आंबेवाले मागे उभे होते की नाही ते मला आठवत नाही, पण असतील तर बरं, असं अजून वाटतं.

संघात सहाजणी घ्यायच्या होत्या. यादी लावली तेव्हा सुलभा सहावी होती. हवालदार यादीपाशी गेले, आणि खिशातून किल्ली काढून तिच्या नावावर एकदा टक् करून बघितलं. मागून एक फोटोवाला ओरडला, “काका, बाजूला व्हा, मुलीचा फोटो घ्यायचाय.” सुलभाने त्यांचा हात मनगटाला धरला आणि सोडला नाही. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सुलभा, तिच्या खांद्याला काळा दस्ता, आणि कडेने आत आलेला एक हात, किल्लीसकट. बाकीचे हवालदार चौकटीबाहेर.

क्लब वाचला. प्राचार्यांनी सायकलींसाठी पत्र्याची शेड बांधली आणि उद्घाटनाला मला बोलावलं.

चार वर्षांनी, दशक संपता संपता, कॉलेजला नवी रायफल मिळाली. जुना काळा दस्ता कार्यालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवायचा ठरला. हवालदार तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी आणि सुलभा, आता ती एका शाळेत खेळ शिकवत होती, दस्ता चादरीत गुंडाळून त्यांना दाखवायला निघालो. पालीला उतरून तासभर चाललो. फणसांचे दिवस होते. घराच्या पडवीत पाच-सहा फणस ओळीने ठेवलेले, आणि त्यांच्यापलीकडे हवालदार.

दोन्ही कान गेले होते. सून म्हणाली, “काय बी आयकू येत नाय. पाटीवर लिवा, वाचतात.” फणस आता तीच ठोकून बघायची. त्यांनी आम्हाला ओळखलं, सुलभाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चादरीकडे बोट केलं.

दस्ता हातात घेतला. मला वाटलं कुरवाळतील. त्यांनी खिशातून किल्ली काढली. ऐकू येत नसलेला माणूस आता काय ठोकणार? पण त्यांनी दस्ता खांद्याला लावला, जबड्याचं हाड त्यावर घट्ट टेकवलं, डोळे मिटले आणि ठोकायला सुरुवात केली. खांद्यापासून पुढे. टक. टक. इतक्या सावकाश की मधल्या वेळात कोंबड्या ऐकू याव्यात. गालाची जागा. मधला कणा. पुढचा हात. मग टोक.

किल्ली थांबली. मागे आली. पुन्हा तिथंच.

“हितं,” ते म्हणाले. “खोला.”

मी पाटी ओढून घाईघाईने लिहिलं, *आता कुणी वापरणार नाही. काचेच्या कपाटात ठेवायचाय.*

त्यांनी वाचलं. “कपाटात ऱ्हायचा, म्हनून खोटा ऱ्हायचा?”

सुलभा माझ्याकडे बघत होती. मी पाटी पुसली. पेन्सिल हातात घेतली. लिहिलं, *तिथे कापड दोन बोटं कमी पडलं होतं. मी सांगितलं नाही.*

पाटी वाचून त्यांनी ती उलटी मांडीवर ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मान तिरकी केली नाही. मग उठून आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात चिकटद्रव्याच्या दोन नळ्या, कानस, आणि वर्तमानपत्रात घडी घातलेल्या काचेच्या कापडाच्या कडा, त्या वर्षी स्क्रूंच्या टोप्या कापताना उरलेल्या. लांब, अरुंद पट्ट्या. त्यांनी एक उचलून माझ्या बोटांवर आडवी धरली.

बरोबर दोन बोटं.

“पाठीमागंच बसलो व्हतो,” ते म्हणाले. एवढंच. आणि कानस माझ्या हातात दिली.

टोक मी उघडलं. आत तांदळाच्या कणीएवढी पांढरी भुकटी होती. घासून काढली. पट्टी त्यांनी लावली, वरून काळं बसवलं, आणि या वेळी बाजूने ओघळलेलं मी पुसलं नाही. दुपार कलली होती, परतीची गाडी होती. दस्ता वाळेपर्यंत तिथेच राहणार, नंतर नातेवाइकाबरोबर पाठवतो म्हणाले.

“व्हईल,” ते म्हणाले.

वळणावर पोचल्यावर आम्ही मागे वळून हात हलवला. पडवीत, फणसांच्या रांगेपलीकडे, हवालदार दस्त्याचं टोक दोन्ही तळव्यांत दाबून धरून बसले होते. त्यांनी आम्हाला बघितलं, मान हलवली. हात हलवला नाही. चिकटेपर्यंत सोडायचं नव्हतं.